बॅटरी गेली म्हणाले, म्हणून आधी मोजून बघितली

गाडीत नवीन बॅटरी बसवून आज आठवडा झाला, सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतेय. महिनाभर मी रोज कुणाला ना कुणाला विचारत होते की बॅटरी घरी तपासायची तर नेमकं काय आधी आणि काय नंतर, आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, "मॅडम तुम्ही हात नका लावू, आमच्याकडे आणा." हात लावला, काही झालं नाही. पण का झालं नाही, तर बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. ज्यांच्याकडे असे बाबा नाहीत त्यांच्यासाठी हे.

आमची गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, बॅटरी १२ व्होल्ट ३५ अँपिअर-अवरची, वर सहा झाकणं असलेली, म्हणजे पाणी टाकायची. आम्ही अकोल्याचे, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. एप्रिल २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीची ड्युटी होती, आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान होतं, त्याआधी ट्रेनिंग, मग साहित्य जमा करणं, या सगळ्यात २४ तारखेपासून गाडी टिनाच्या शेडखाली नुसती उभी. २ मे ला बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा भाऊ अमरावतीहून त्याची गाडी घेऊन आला होता, त्यामुळे आमचीला कुणी हात लावला नाही. ९ मे ला, गुरुवारी सकाळी, आठवड्याच्या चेकअपला निघायचं म्हणून किल्ली फिरवली तर नुसतं कट कट कट. डॅशबोर्डचे दिवे पार मंद झाले. बाबा डोळ्याला काळा चष्मा लावून मागच्या सीटवर बसलेले, डॉक्टरांनी साडेनऊची वेळ दिलेली, आणि मला घाम फुटला.

शेजारचे काका लगेच त्यांची गाडी घेऊन आले, जंपर केबल त्यांच्याकडे होती. लाल चिमटे दोन्हीकडे प्लसला लावले, काळा त्यांच्या बॅटरीच्या मायनसला लावला, आणि चौथा चिमटा ते आमच्या बॅटरीच्या मायनसला लावणार तेवढ्यात बाबा खिडकीतून ओरडले, "थांबा भाऊ! तिथं नका लावू, इंजिनच्या लोखंडाले लावा, दूर!" काका दचकलेच. पण त्यांनी ऐकलं, इंजिनच्या एका जाड बोल्टला चिमटा लावला तेव्हा चट्ट करून ठिणगी उडाली. मी ती ठिणगी डोळ्यांनी बघितली. ती बॅटरीच्या तोंडावर उडाली असती तर काय झालं असतं ते बाबांनी संध्याकाळी सांगितलं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले, इलेक्ट्रिकलला होते, बरीच वर्षं बॅटरी रूममध्ये काढली. तिथे बसच्या बॅटऱ्या असतात, १२-१२ च्या दोन जोडून २४ व्होल्ट करतात. लहानपणी आई त्यांचे खाकी शर्ट धुवायला काढायची तेव्हा शर्टावर बारीक बारीक भोकं असायची आणि ती दर धुण्याला मोठी व्हायची, ते ॲसिडचं काम हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की चार्ज होताना बॅटरीतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो ४ टक्के जरी जमला तरी एका ठिणगीवर पेट घेतो. बाबांच्या समोर एका पोराने पाणी किती आहे बघायला झाकण काढून काडी पेटवली होती. बॅटरीचं वरचं कव्हर फुटून ॲसिड त्याच्या तोंडावर आलं. शेजारी पाण्याची टाकी होती म्हणून लगेच त्याचं डोकं नळाखाली धरलं, नाहीतर डोळे गेले असते. हे सांगताना बाबांचा आवाज बदलला होता, स्वतःच्या डोळ्याला त्या दिवशी पट्टी होती म्हणूनही असेल.

तर जंप स्टार्टचा क्रम पक्का लक्षात ठेवा. लाल आधी बंद पडलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून जमेल तितका लांब. काढताना बरोबर उलट. आणि लावताना बॅटरीवर वाकून उभं राहायचं नाही.

चेकअप झालं. येताना ओळखीच्या गॅरेजला दाखवलं, त्याने बोनेट उघडून पाच सेकंद बघितलं आणि म्हणाला बॅटरी गेली, जुनी परत देऊन ४२०० ला नवीन बसवतो, आत्ता लगेच. मी जवळजवळ हो म्हणणार होते. बाबा म्हणाले, "काहून घाई करून राह्यली? त्यानं मीटर लावलं का? हात तरी लावला का?" घरी येऊन कपाटातली फाईल काढली तर बॅटरीचं बिल सापडलं, १२ जून २०२२. वॉरंटी २४ अधिक २४ महिने, म्हणजे पहिले दोन वर्षं बॅटरी खराब निघाली तर फुकट बदलून, पुढची दोन वर्षं टक्केवारीने सूट. म्हणजे माझ्याकडे ११ जूनपर्यंतचा वेळ होता. महिनाभर. तुमच्या बॅटरीचं बिल कुठे आहे ते आत्ताच शोधून फोटो काढून ठेवा, थर्मल कागदाचं असेल तर काही काळाने पांढरं होतं.

बाबांना डॉक्टरांनी वाकायला, वजन उचलायला, धुळीत जायला सक्त मनाई केलेली. ॲसिडजवळ तर मी त्यांना येऊच देणार नव्हते. म्हणून ठरलं असं की ते दहा फुटांवर खुर्चीत बसणार आणि सांगणार, करणार मी.

१० मे ला अक्षय्य तृतीया होती, सराफ्यात पाय ठेवायला जागा नाही, मी टिळक रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मल्टिमीटर घेतला ३८० रुपयांना. बॅटरीचं सामान मिळतं त्या दुकानातून हायड्रोमीटर १८० ला, बॅटरीतल्या ॲसिड-पाण्याचा दाटपणा मोजायचा, काचेची नळी, वर रबरी फुगा आणि आत तरंगणारा काटा असतो तो. बाजूने बंद असलेला चष्मा १२०, जाड रबरी हातमोजे ६०, डिस्टिल्ड वॉटर दोन लिटर ५०. खायचा सोडा घरचा संपला होता तो २० चा. सगळे मिळून ८१०. चष्म्यावर पैसे वाचवू नका, नेहमीच्या नंबरच्या चष्म्याला बाजूने फट असते, त्यातून थेंब आत जातो.

११ मे, शनिवार, सकाळी सहाला सुरुवात केली. इतक्या लवकर का, तर एक म्हणजे ऊन, आणि दुसरं म्हणजे रात्रभर गाडी बंद असेल तरच बॅटरीचा खरा व्होल्टेज कळतो. बायकांसाठी खास सांगते, हातातल्या सोन्याच्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, लांब मंगळसूत्र काढा किंवा आत घालून वरून पिन लावा, ओढणी घरातच ठेवा. बॅटरी १२ व्होल्टचीच असते, शॉक लागत नाही, पण प्लस आणि लोखंडाच्या मध्ये अंगठी सापडली तर शेकडो अँपिअर त्यातून जातात आणि अंगठी बोटातच लाल होते. बाबांच्या एका सहकाऱ्याच्या बोटाला तो गोल डाग शेवटपर्यंत होता. घरात विडी सिगारेट ओढणारं कुणी असेल तर त्यांना लांब पाठवा. आणि बादलीभर स्वच्छ पाणी मगासकट हाताशी ठेवा, नळ लांब असेल तर जास्तच. अंगावर उडालं तर भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर कमीत कमी पंधरा मिनिटं पाण्याने धुवायचं आणि सरळ दवाखाना. सोडा डोळ्यात कधीच नाही, तो फक्त बॅटरीवर आणि जमिनीवर सांडलेल्यासाठी.

आधी नुसतं बघायचं. बॅटरी कुठे फुगली आहे का, तडा आहे का, खाली ओल आहे का. फुगलेली किंवा तडकलेली असेल तर पुढचं काहीच करायचं नाही, चार्जही नाही. आमची तशी ठीक होती, फक्त प्लसच्या टर्मिनलवर पांढरी हिरवट पावडर चढलेली. मग मीटर. काळी वायर COM लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, चकती डीसी २० वर. इथे बाबांनी मला दोनदा तपासायला लावलं, कारण त्याच मीटरला १० अँपिअरचं वेगळं भोक असतं आणि लाल वायर चुकून तिथे राहिली आणि तुम्ही बॅटरीला लावली तर तो सरळ शॉर्ट होतो. लाल प्लसला, काळा मायनसला. उलट लावलं तर फक्त आकड्याआधी उणे येतं, बाकी काही बिघडत नाही. आकडा आला ११.७४.

बाबांनी पाठीमागे शाळेची जुनी वही घेतली होती त्यात लिहून घेतलं, एका डोळ्याने. मग मला समजावलं. आत सहा सेल, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, पूर्ण चार्ज बॅटरी आराम करून १२.६ च्या वर दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पावच उरली, ११.८ च्या आसपास म्हणजे रिकामी. पण रिकामी म्हणजे मेलेली नाही. हा फरक गॅरेजवाल्याने केलाच नव्हता. गाडी पंधरा दिवस उभी होती, रिकामी होऊ शकते, चार्ज केली की परत उभी राहू शकते. किंवा नाही. हे चार्ज केल्याशिवाय कळत नाही.

बॅटरी काढताना १० नंबरचा पाना लागतो. पान्याच्या दांड्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून घेतली. किल्ली काढलेली, सगळं बंद, आणि आधी मायनस, मग प्लस. का ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, त्यामुळे प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट. मायनस आधी निघाला की मग प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. लावताना प्लस आधी, मायनस शेवटी. बॅटरी नऊ दहा किलोची असते, दोन्ही हातांनी सरळ उभी धरून उचला, कडेवर घेतल्यासारखी अंगाला लावू नका. मी लावली. सलवारीवर मांडीजवळ काही दिसलं नाही तेव्हा, पण दुसऱ्या धुण्याला तिथे तीन भोकं पडली, अगदी बाबांच्या शर्टासारखी. आईने ती सलवार उचलून बाबांना दाखवली आणि दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत.

झाकणं घट्ट बंद आहेत हे बघून सोडा कोमट पाण्यात कालवून टर्मिनलवर ओतला, फसफसलं, जुन्या टूथब्रशने घासून पाण्याने धुतलं आणि फडक्याने कोरडं केलं. सोडा आत सेलमध्ये जाता कामा नये. मग झाकणं उघडली. दोन सेलमध्ये पाणी इतकं उतरलं होतं की प्लेटांची वरची कड उघडी पडलेली. आमच्याकडच्या मे महिन्याचं हे काम. लोकांना वाटतं थंडीत बॅटरी जाते, पण झीज उन्हाळ्यात होते, साधारण दर १० अंशांना आतली रासायनिक झीज दुप्पट वेगाने होते आणि पाणीही उडतं. मी वर्षभरात एकदाही झाकण उघडून बघितलं नव्हतं आणि सर्व्हिसिंगला कुणी बघितलं असेल असं धरून चालले होते.

पाणी म्हणजे फक्त डिस्टिल्ड. आरओचं चालत नाही, त्यात क्षार उरतात. आणि ॲसिड तर अजिबात टाकायचं नाही, काही ठिकाणी ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटर दाखवतो तो दाटपणा, वाढलेली दिसावी म्हणून टाकून देतात, त्याने दोन दिवस आकडा छान येतो आणि प्लेटा खराब होतात. चार्जिंगच्या आधी प्लेटा बुडतील एवढंच टाकायचं, खुणेपर्यंत नंतर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच भरलेली असेल तर बाहेर सांडते. आणि पाणी टाकल्या टाकल्या हायड्रोमीटर लावू नका, नवीन पाणी वरच तरंगत असतं, आकडा खोटा येतो.

घरी चार्जर नव्हता. रिक्षाने बॅटरी दुकानात नेली, जिथून घेतली होती तिथेच, चार्जिंगचे १५०. रविवारी बंद म्हणून सोमवारी १३ तारखेला मिळाली. दुकानदाराने मीटर लावून दाखवला, १२.९३. "बघा मॅडम, एकदम ओके आहे, नुसती डिस्चार्ज झाली होती." मला इतकं बरं वाटलं. घरी येऊन बसवली, प्लस आधी मायनस नंतर, टर्मिनल घट्ट केल्यावर वरून थोडं व्हॅसलीन, गाडीतलं घड्याळ परत लावलं, गाडी पहिल्या फटक्यात चालू.

बाबा मात्र खूश नव्हते. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला असतो, वरवरचा चार्ज. रात्रभर ठेवा, किंवा घाई असेल तर दोन तीन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि थोडं थांबा, मग मोजा. आम्ही गाडी बंद करून रात्रभर ठेवली.

१४ मे, सकाळी सहा. १२.४५. एका रात्रीत जवळजवळ अर्धा व्होल्ट खाली. आता हायड्रोमीटर. चष्मा, हातमोजे, फुगा दाबून नळी सेलमध्ये बुडवायची, हळू सोडायचं, काटा तरंगला पाहिजे, काचेला चिकटला नाही पाहिजे, डोळ्याच्या रेषेत धरून वाचायचं, आणि ज्या सेलमधून ओढलं त्याच सेलमध्ये परत सोडायचं. नळी सेलच्या वरच ठेवायची, बाहेर आणली की थेंब पडतो, माझा एक थेंब मडगार्डवर पडलाच, लगेच पाणी ओतलं. पहिला सेल १.२५०. दुसरा १.२४५. प्लसकडून तिसरा लावला आणि काटा वर आलाच नाही, खाली बुडून राहिला. मला वाटलं मी नीट ओढलं नाही. परत ओढलं, परत तेच, १.१४०. चौथा १.२५०, पाचवा १.२५०, सहावा १.२४५.

मी आकडे ओरडून सांगत होते आणि बाबा लिहीत होते. तिसऱ्याला त्यांनी पेन थांबवलं. "परत सांग." परत सांगितलं. "हाच आहे. एका सेलनं पाचाईचा जीव खाल्ला."

साधारण १.२५ ते १.२८ च्या मध्ये पूर्ण चार्ज, बॅटरी कुठल्या हवामानासाठी बनवली त्यावर थोडं कमी जास्त, १.१९ म्हणजे अर्धा, १.१२ म्हणजे रिकामा. पण एकट्या आकड्यापेक्षा सेलांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यात ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर तो सेल गेला समजायचं, आमचा फरक ०.११० होता. सगळे सारखेच कमी असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे, नीट चार्ज करून परत बघायची. अजून एक हिशोब बाबांनी करून दाखवला तो मला गणिताची शिक्षिका म्हणून फार आवडला. प्रत्येक सेलच्या ग्रॅव्हिटीत ०.८४५ मिळवलं की त्या सेलचा व्होल्टेज येतो, जवळपास. सहाही मिळवले तर आमचे १२.४५ आले. मीटरचाही तोच. म्हणजे मी मोजताना चुकले नव्हते. तापमानाचंही थोडं असतं, २७ अंशांच्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवायचं, सकाळी ३० अंश होतं म्हणून आम्ही सोडून दिलं, दुपारी ४४ मध्ये मोजलं असतं तर सोडता आलं नसतं.

एवढ्यावर थांबायला मी तयार होते, बाबा नव्हते. गाडीच बॅटरी खात असेल तर नवीनही अशीच जाईल. म्हणून तीन गोष्टी बघितल्या. पहिलं, सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडतो. यासाठी किल्ली फिरवायला कुणीतरी हवं, आईला बसवलं. आई आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हर सीटवर बसली, "मले नाही येत वं चालवता." चालवायची नाही, गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मी सांगितलं की फक्त किल्ली फिरव. गाडी सुरू झाली पण मीटर ८.७ पर्यंत खाली गेला, ९.६ च्या खाली जायला नको. दुसरं, गाडी चालू असताना बॅटरीवर १४.२, हेडलाइट आणि एसी लावून १३.९, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. १३.५ च्या खाली किंवा १४.८ च्या वर असेल तर दोष तिकडे. चालू इंजिनजवळ मीटरच्या वायरी पट्ट्यात अडकणार नाहीत आणि केस बांधलेले असतील हे बघा.

तिसरं, गाडी बंद असताना करंट गळतो का. मायनसची वायर सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या मायनसच्या मध्ये मीटर, इथे लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. दारं बंद, किल्ली लांब, अर्धा तास थांबायचं कारण गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सना झोपायला वेळ लागतो. आणि मीटर असा जोडलेला असताना चुकूनही दार उघडायचं नाही, सेल्फ तर मुळीच नाही, मीटर जळतो. आमचा ०.०३ आला, ०.०५ पर्यंत चालतं. झाल्यावर लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घातली, बाबांनी बघून घेतल्यावरच मीटर बंद केला.

मायनस सोडवूनच ठेवला आणि तीन दिवसांनी १७ मे ला परत मोजलं. १२.३७. पाच सेल १.२४० च्या वर टिकून, तिसरा १.०९०. गाडीला जोडलेलीच नव्हती, तरी आतल्या आत तो सेल गळत होता.

वही घेऊन त्याच दिवशी दुकानात गेले. आता इथून पुढचं सगळ्यात थकवणारं. दुकानदार म्हणाला वॉरंटी कार्डावर आमचा शिक्का नाही, क्लेम होणार नाही. मी म्हटलं शिक्का तुम्हीच मारायचा होता, बिल तुमचंच आहे. मग म्हणाला कार्डावरचा नंबर आणि बॅटरीवरचा नंबर जुळत नाही. खरंच नव्हता जुळत, हाताने लिहिताना त्यांच्याच माणसाने एक अंक चुकवलेला. मी दुकानातून बाहेर आले आणि स्कूटीवर बसून रडले, उन्हात, तोंडाला रुमाल बांधलेला होता म्हणून कुणाला दिसलं नाही. तिथे मला वाटलं सोडून द्यावं, ४२०० देऊन मोकळं व्हावं.

घरी आल्यावर कार्डाच्या मागचा टोल फ्री नंबर लावला. चौथ्या वेळी लागला. तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मेसेजवर आला. हा क्रमांक मिळणं फार महत्त्वाचं, कारण क्लेम कुठल्या तारखेला मागितला याचा तोच पुरावा. २० तारखेला सोमवारी त्यांनी सांगितल्याप्रमाणे ईमेल केला, त्यात बिल, कार्ड, बॅटरीवरचा छापील नंबर, आरसी, आणि वहीतल्या पानाचा फोटो, सगळे आकडे तारखेसकट. २२ ला कंपनीच्या सर्व्हिसवाल्या मुलाचा फोन आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम ग्रॅव्हिटी कुणी काढली?" मी म्हटलं मी. तो म्हणाला, तिसरा सेल ना, बरं, बॅटरी जमा करा, नंबरचं मी बघतो. त्यानंतर त्याचं बोलणं वेगळंच होतं, कुणीतरी आपल्याशी बरोबरीने बोलतंय असं.

२४ मे ला बॅटरी जमा केली आणि जमा पावती मागून घेतली, ते द्यायला विसरतात. गाडी चालवायला तात्पुरती बॅटरी मागितली तर आधी नाही म्हणाले, मग वडिलांचं ऑपरेशन सांगितल्यावर एक जुनी दिली. त्यांचा नियम असा की पूर्ण चार्ज करून, थांबून, मगच टेस्ट. त्यात दुसऱ्याच दिवशी उन्हामुळे आमच्या जिल्ह्यात ३१ मे पर्यंत १४४ कलम लागलं, पारा ४५ च्या पुढे गेलेला, दुकान दुपारी बंदच. २८ ला मला टेस्टच्या वेळी बोलावलं, मी मुद्दाम सांगून ठेवलं होतं की माझ्यासमोर करा. लोड टेस्टर लावला. त्यात बॅटरीच्या कोल्ड क्रँकिंग अँपिअरच्या, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला ती किती करंट देऊ शकते त्या आकड्याच्या, निम्मा भार १५ सेकंद टाकतात आणि व्होल्टेज ९.६ च्या वर राहिला पाहिजे. सातव्या आठव्या सेकंदाला ८.४ झाला आणि त्याने बटण सोडलं. हे घरी करायचं काम नाही, टेस्टर तापतो आणि चिमटा काढताना ठिणगी पडते, त्याने आधी बटण सोडलं आणि मग चिमटा काढला ते मी बघून ठेवलं.

३० ला मंजुरीचा मेसेज. माल यायला वेळ, मध्ये ४ जूनची मतमोजणी, त्या दिवशी बाहेरच पडले नाही. ६ जूनला, गुरुवारी, नवीन बॅटरी हातात आली. मुदत संपायला पाच दिवस राहिले होते. सही करायच्या आधी तीन गोष्टी बघितल्या, बॅटरीवरची उत्पादनाची तारीख, कार्डावरचा नंबर एकेक अंक जुळवून, आणि शिक्का. एक माहीत असू द्या, बदलून मिळालेल्या बॅटरीला वॉरंटी नव्याने सुरू झाली नाही, मूळ १२ जून २०२२ पासूनचीच उरलेली चालू राहिली. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, कार्डावर बारीक अक्षरात होतं.

एकूण खर्च सामानाचा ८१० आणि चार्जिंगचे १५० मिळून ९६०, वर रिक्षा दोनदा. जुनी त्यांच्याकडेच राहिली. वॉरंटीत नसती तरी मी ती भंगारवाल्याला दिली नसती, शिसं असतं त्यात, काही ठिकाणी उघड्यावर फोडून वितळवतात आणि आजूबाजूची पोरं तो धूर घेतात. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता ती गोळा करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्यांकडेच द्यायची असते, आणि दुकानात बदली भावात तिचे पैसेही मिळतात.

७ जूनला सकाळी सहाला नवीन बॅटरी मोजली, १२.६८, सहाही सेल १.२६० ते १.२६५. सेल्फ मारताना १०.४, किल्ली पुन्हा आईनेच फिरवली, या वेळी न सांगता आधी गियर हलवून बघितला. हायड्रोमीटर दोन तीनदा साध्या पाण्याने ओढून सोडून धुतला, उभा करून वाळवला आणि माळ्यावर ठेवला, भावाची मुलं येतात म्हणून. वहीत बाबांनी दर महिन्याच्या एक तारखेचा रकाना आखलाय, पाणी, व्होल्टेज, सेल एक ते सहा, डिसेंबरपर्यंत. आता दोन्ही डोळ्यांनी लिहितात, अक्षर पुन्हा सरळ रेषेत यायला लागलंय.